देवगावचा तह आणि उमरावतीचा कापूस

तह म्हटला म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुरंदर येतो, सालबाई येते, वसई येते. शाळेत कलमे पाठ करता करता ज्यांची डोकी उठली, त्यांनाही एवढी नावे सहसा विसरता येत नाहीत. देवगावचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नाही. फार तर परीक्षेत ‘टीपा लिहा’ या सदरात ते येणार. म्हणजे चार गुणांचे गाव! वास्तविक आम्हा वऱ्हाडकरांची पुढल्या दीडशे वर्षांची पत्रिका त्या गावी मांडली गेली. नवल असे की, पत्रिका मांडताना ज्याचे बारसे होते त्याला कोणी मांडीवर घेतले नव्हते. त्याला विचारणे तर दूरच.

अचलपूरच्या परिसरातले हे देवगाव. १७ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर दुसरे रघूजी भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तेथे तह झाला. पुढे तेराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, जवळच्याच अंजनगाव सुर्जीला दौलतराव शिंद्यांशी दुसरा तह झाला. एका पंधरवड्यात, एकाच तालुक्याच्या अंतरात, हिंदुस्थानातली दोन मोठी मराठी संस्थाने कागदावर उतरली. आज अंजनगाव म्हटले की लोकांना पानमळे आठवतात, पानपिंपरी आठवते, शहानूर नदी आठवते. कागद कोणालाच आठवत नाही.

आधीच्या तीन महिन्यांची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जातो. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आमच्या अकोला जिल्ह्यातील आडगावास भोसल्यांची फौज मोडली आणि इंग्रजी घोडदळाने चांदण्यात तिचा पाठलाग केला. मग उरला गाविलगड. चिखलदऱ्याला सहलीला जाणारी मंडळी आज त्या गडाच्या तटावर उभी राहून फोटो काढून घेतात. कर्नल स्टीव्हन्सनने त्या डोंगरातून, जेथे बैलगाडी नीट चालत नाही तेथून, तोफा ओढून उत्तरेच्या अंगाला आणल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. गड पडला आणि दोन दिवसांत तह झाला. म्हणजे वाटाघाटी म्हणून ज्याला म्हणतात त्याला किती अवसर मिळाला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र हे वकील होते आणि समोर होता चौतीस वर्षांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला, तोच हा.

तहात भोसल्यांनी काय दिले? एक तर बालेश्वरासह कटक प्रांत दिला. ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ ही आपली आवडती बढाई. तिच्यातले कटक या वऱ्हाडच्या मातीत कायमचे सुटले. दुसरे, वर्धा नदीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख दिला. नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या पायथ्याची थोडी जमीन तेवढी भोसल्यांकडे राहिली. वर्धा ही तेव्हा नुसती नदी होती. त्या दिवसापासून ती हद्द झाली, आणि आजही अमरावती जिल्हा आणि वर्धा जिल्हा तिच्याच दोन काठांना बसलेले आहेत.

पण मला या तहात सर्वांत विलक्षण वाटते ते निराळेच कलम. भोसल्यांनी आपल्या चाकरीत कोणी फ्रेंच माणूस ठेवू नये. तसेच इंग्रजांशी ज्यांचे युद्ध चालू असेल अशा दुसऱ्या कोणत्याही युरोपियन किंवा अमेरिकन राष्ट्राची रयत ठेवू नये, अशी ती अट आहे. अमेरिकन! १८०३ साली, देवगावात, ज्या गावच्या कुणब्याने समुद्र पाहिलेला नव्हता त्या गावच्या शिवारात अमेरिकेचे नाव लिहिले गेले. हे लिहिणाऱ्याचा चक्रमपणा म्हणून सोडून देता येत नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आमियांला झालेला तह वर्षभर जेमतेम टिकला आणि १८ मे १८०३ ला पुन्हा युद्ध सुरू झाले. शिंद्यांच्या पलटणी फ्रेंच सरदारांनी कवायतीला लावलेल्या होत्या. तेव्हा आडगावची लढाई ही वेलस्लीच्या लेखी केवळ भोसल्यांशी झालेली लढाई नव्हती. पॅरिस आणि लंडन यांच्या भांडणातला तो एक दूरचा फड होता. दोन परदेशी हत्तींची टक्कर चाललेली आणि तुडवला गेला आमचा ज्वारीचा वावर.

अंजनगावच्या तहातही तीच अट आली. त्या तहाने शिंद्यांनी भडोच दिले, अहमदनगर दिले, गंगायमुनेच्या दुआबातला मुलूख दिला आणि दिल्लीच्या शहाआलम बादशहावरचा आपला हक्क सोडला. महादजीने ज्या हक्कासाठी आयुष्य वेचले तो दिल्लीचा हक्क अंजनगाव सुर्जीला सुटला, हे आमच्या अंजनगावच्या मुलांना सांगितले तर त्यांना ती थाप वाटते.

त्या वाटाघाटींतली एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. शिंद्यांच्या बाजूने विठ्ठलपंत नावाचे वयोवृद्ध मुत्सद्दी आले होते. इंग्रजांनी जबर मागण्या पुढे टाकल्या तरी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तेथे हजर असलेला जॉन माल्कम चकित झाला. इंग्रजांत ‘ब्रॅग’ नावाचा पत्त्यांचा खेळ होता, आपल्या तीनपत्तीचा थोरला भाऊ म्हणा. त्यात हातात काय आहे हे तोंडावर दिसू द्यायचे नसते. या खेळाला इतका योग्य चेहरा आपण पाहिला नाही असे माल्कमला वाटले, आणि छावणीत विठ्ठलपंतांचे नावच ‘ओल्ड ब्रॅग’ पडले. पुढे कित्येक वर्षांनी युरोपात ड्यूक ऑफ वेलिंग्टनला कोणी तालिरांविषयी विचारले. तालिरां म्हणजे फ्रान्सचा तो जगप्रसिद्ध परराष्ट्रमंत्री. हरलेल्या फ्रान्सला व्हिएन्नाच्या परिषदेत ज्याने मानाची खुर्ची मिळवून दिली. ड्यूक म्हणाला की, तो बराचसा आपल्या ‘ओल्ड ब्रॅग’सारखा आहे, पण तितका हुशार नाही! विठ्ठलपंतांचे चित्र आपल्या कोणत्या दिवाणखान्यात लावलेले मी पाहिले नाही. तालिरांवर ग्रंथांमागून ग्रंथ आहेत. हरलेल्या बाजूच्या हुशारीला जगात अशीच किंमत मिळते की काय कोण जाणे. पण तालिरांही हरलेल्याच बाजूचा होता.

भोसल्यांनी सोडलेला वऱ्हाड इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला नाही. १८०४ साली हैदराबादेस वाटणीचा तह झाला आणि हा मुलूख निजामाच्या पदरात पडला. त्याआधी वऱ्हाडात दोअंमल होता, म्हणजे एका शेतावर भोसल्यांचाही वसूल आणि निजामाचाही वसूल. आता धनी एक झाला; पण रयतेला त्याने हलके वाटले असे नाही. वसूल इजाऱ्याने दिला जाऊ लागला, सावकारांच्या पेढ्या दरबाराला कर्ज देऊ लागल्या आणि त्या कर्जापोटी तालुकेच्या तालुके लावून घेऊ लागल्या. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नरनाळा आणि गाविलगडही भोसल्यांच्या हातून गेले. १८२२ च्या तहाने वर्धेची हद्द पक्की झाली. आमच्याकडली म्हातारी माणसे बेबंद कारभाराला ‘मोगलाई’ म्हणतात, ती याच पन्नास वर्षांची आठवण.

आता एक फौजेचे प्रकरण मध्ये येते, आणि ते समजल्यावाचून पुढचे कळत नाही. १८०० च्या तहात निजामाने युद्धप्रसंगी इंग्रजांना फौज द्यावी असे ठरले होते. युद्ध संपले, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ती फौज तशीच राहिली. हिचे नाव कंटिंजंट. तिचा एक तळ आमच्या एलिचपुरास होता. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. शांततेच्या काळात अशी फौज बाळगणे तहाने निजामावर बंधनकारक नाही, हे खुद्द लॉर्ड डलहौसीला कबूल करावे लागले होते. तरी त्या फौजेचा पगार थकला की कंपनी तो आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या खात्यावर नावे मांडी. असे करता करता १८५३ पर्यंत आकडा चाळीस लाखांच्या वर गेला. घरी न सांगता दारात पहारेकरी बसवायचा आणि त्याचा पगार थकला म्हणून घरच लिहून घ्यायचे, अशातला हा प्रकार.

डलहौसीला वऱ्हाड कायमचा हवा होता. कर्नल लो हा रेसिडेंट दरबारात गेला तेव्हा नासिरुद्दौला निजामाने त्याला सांगितले की, राजाला लाजिरवाण्या अशा दोन गोष्टी असतात: वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि इमानाने चाकरी केलेल्या सैन्याला घरी पाठवणे. वाटाघाटी लांबल्या, दरडावण्या झाल्या. शेवटी २१ मे १८५३ ला तह झाला. त्यात ‘कायमचा’ हा शब्द मात्र निजामाने येऊ दिला नाही. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घ्यावा, खर्च वजा जाता वाढावा उरेल तो निजामास द्यावा, असे ठरले. तहानंतर पाचव्या दिवशी निजामाचा दिवाण सिराजउल्मुल्क वारला आणि त्याचा तरुण पुतण्या दिवाण झाला. हाच सालारजंग.

मी मराठीचा मास्तर. मला यातले शब्द अधिक ओढतात. १८५३ चा व्यवहार आमच्या खेड्यातल्या भाषेत सांगायचा तर ते ताबेगहाण होते. रान सावकाराच्या वहितीत, नाव कुळाचेच. १८५७ च्या धामधुमीत हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून २६ डिसेंबर १८६० ला नवा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव परत मिळाले, शोरापूर बक्षीस मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ‘अमानत’ म्हणून ठेवून घेतला. म्हणजे गहाणाची ठेव झाली. कर्ज फिटले आणि वस्तू परत आली नाही. आणि ५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झनने त्या ठेवीचा कायमपट्टा करून घेतला: वर्षाला २५ लाख रुपये खंड, वऱ्हाड इंग्रजांकडे कायम, आणि वर पुन्हा निजामाचे स्वामित्व मान्य! पन्नास वर्षांपूर्वी नासिरुद्दौलाने अडवून धरलेला शब्द त्याच्या नातवाच्या सहीने आत शिरला. गहाण, ठेव, पट्टा. कोणत्याही तलाठ्याला विचारा, जमीन हातची जाण्याच्या पायऱ्या तो याच क्रमाने सांगेल.

मधल्या काळात सालारजंगाने जंग जंग पछाडले. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून भांडवलाची रक्कम ठेवतो, पण वऱ्हाड द्या, असे म्हणून पाहिले. १८७६ साली तो विलायतेस गेला. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात पाय घसरून पडला आणि मांडीचे हाड मोडले. तशा स्थितीत लंडनला पोचला. मेजवान्या झाल्या, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाड कोणी दिला नाही. पुढे उत्तर आले की, निजाम अल्पवयीन आहे, तो वयात येईपर्यंत हा विषय काढू नये. १८८३ साली सालारजंग वारला आणि १८८४ साली निजाम वयात आला.

या गुंत्याचे एक चमत्कारिक फळ आमच्या पणजोबांच्या पिढीला चाखायला मिळाले. वऱ्हाडात राज्य इंग्रजांचे, कोर्टे इंग्रजांची, टपाल इंग्रजांचे. पण कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. येथे एखादा कायदा लावायचा तर गव्हर्नर जनरलच्या फर्मानाने, परमुलखात लावावा तसा लावीत. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, सगळ्या देशाचे पुढारी आले. ज्या भूमीवर मंडप उभारला ती कागदोपत्री निजामाची होती. १९१४ साली मध्यप्रांताचे कायदेमंडळ निघाले तेव्हा वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदांना सरकारने पुन्हा ‘नेमावे’ लागले, कारण परक्या प्रजेला निवडून येण्याचा हक्क कोठला? दादासाहेब खापर्डे, मुधोळकर यांच्यासारखे कायदेपंडित येथे निपजले यात मला नवल वाटत नाही. ज्या गावात आपण कोणाची प्रजा हाच वादाचा मुद्दा असतो, त्या गावात वकिली फळणारच.

हा विषय डोक्यात घोळत असताना मागे एकदा अंजनगावकडे जाण्याचा योग आला. चहाच्या टपरीवर एक वयस्क शेतकरी शेजारी बसले होते. मी हौसेने त्यांना तहाची गोष्ट सांगितली. वेलस्ली सांगितला, विठ्ठलपंत सांगितले, दिल्लीचा बादशहा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काहो मास्तर, थ्या कागदावर कपाशीचा भाव लिवला व्हता काय?”

“नाही काकाजी,” मी म्हटले, “त्यात फौज होती, मुलूख होता. भाव नव्हता.”

“मंग लिवाले पायजे व्हता ना जी,” एवढे म्हणून ते बिडी पेटवू लागले.

टपरीवरचे दोघेतिघे हसले. मी परत येताना त्यावरच विचार करीत राहिलो. प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. देवगावच्या कागदात कापूस नाही हे खरे. पण १८५३ च्या कागदात तो अदृश्य शाईने लिहिलेला होता. रायचूर गेले, धाराशिव गेले, वऱ्हाड काही केल्या सुटेना, याचे कारण काळ्या मातीत होते.

रेल्वे येण्यापूर्वी आमचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने त्याला मुंबईची वाट दाखवली. ही तीच पेढी, जिने निजामाला कर्ज देऊन वऱ्हाडचा वसूल लावून घेतला होता. १८५७ साली मँचेस्टरला गिरणीवाल्यांनी ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ काढली. अमेरिकेच्या कापसावर सगळी भिस्त ठेवणे बरे नव्हे, हे त्यांना उमगले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या चात्या थांबल्या. मग सगळ्यांना हिंदुस्थान आठवला. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या मालाचे नाव ‘ऊमरा’. उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे, इंग्रजी जिभेवर झालेले लाडके रूप. भडोच, ढोलेरा आणि ऊमरा या नावांवर तेथे सौदे होत. ज्याने अमरावती नकाशावरही पाहिली नाही असा दलाल तिचे नाव दिवसातून शंभरदा घेई.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलैला मुंबईच्या शेअरबाजारात हाहाकार झाला. मुंबईच्या त्या दिवाळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वऱ्हाडच्या कुणब्याने चढत्या भावावर विश्वासून काढलेले कर्ज मात्र उतरत्या भावाने फेडायचे राहिले, त्यावर फारसे कोणी लिहिले नाही.

सरकारने पाय मागे घेतला नाही. १८६७ साली रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८६९ ला सुवेझचा कालवा उघडला. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंब-खामगाव या चिमुकल्या फाट्याचे त्याने उद्घाटन केले. त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव ही कापसाची अवाढव्य पेठ होती. पुढल्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. आठ-नऊ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, त्यावरून ओळखावे. मागोमाग राली ब्रदर्स हे ग्रीक, व्होल्कार्ट ब्रदर्स हे स्विस, असे देशोदेशीचे खरेदीदार येथे जिनप्रेस घालून बसले. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, वसाहत नाही, पण कापसाची गाठ त्याला बरोबर सापडली.

आता दूरच्या तहांकडे वळतो. ज्या १८६० च्या डिसेंबरात हैदराबादेस वऱ्हाडची ‘अमानत’ झाली, त्याच १८६० च्या २३ जानेवारीस इंग्लंड आणि फ्रान्स यांनी एक व्यापारी तह केला होता. इंग्लंडच्या बाजूने रिचर्ड कॉब्डेन आणि फ्रान्सच्या बाजूने मिशेल शेव्हालिए. एकाने दुसऱ्याच्या दारूवरची जकात उतरवावी, दुसऱ्याने पहिल्याच्या मालावरची. या तहात एक कलम फार प्रसिद्ध झाले: उद्या तुम्ही तिसऱ्या कोणाला जी सवलत द्याल ती आपोआप आम्हालाही मिळावी. आपल्याकडे लग्नात व्याही म्हणतात ना, थोरल्या जावयाला जो मान द्याल तोच आमच्या मुलाला द्या, अगदी तसे. या कलमामुळे एकाला सैल केलेली गाठ सर्वांनाच सैल होत गेली आणि युरोपात तहांची साखळीच तयार झाली.

त्या साखळीत सगळे देश आपल्या मुलीच्या लग्नाची बोलणी स्वतः करीत होते. आमची बोलणी लंडन करी. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि देशी गिरण्यांचे सूत दिसू लागले. लगेच लँकेशायरचा आरडाओरडा. १८८२ साली विलायती कापडावरची जकात उठवण्यात आली. पुढे पैशाची तूट पडली म्हणून ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि, न्याय म्हणून, देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के! हा कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत टिकला.

या सर्वांत जपानची कथा मला बोधप्रद वाटते, कारण त्याची सुरुवात आमच्यासारखीच झाली होती. १८५८ साली अमेरिका, इंग्लंड वगैरेंनी जपानच्या गळ्यात असमान तह बांधले. जकात ठरवण्याचा हक्कही त्या देशाकडे उरला नाही. १८६६ पासून पाच टक्क्यांच्या वर जकात बसवता येईना. जपानने ते तह मनाला लावून घेतले. १८९४ मध्ये लंडनला नवा करार करून त्याने परकीयांची कोर्टे आपल्या भूमीवरून हलवण्याची तजवीज केली आणि १९११ पर्यंत जकातही पुरती आपल्या हाती घेतली. इकडे ओसाकाच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा स्वस्त कापूस हवा होता, आणि तो म्हणजे आमचा ऊमरा. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीशी बोलणे करून कोबे-मुंबई आगबोट सुरू करविली. ‘हिरोशिमा मारू’ ही तिची पहिली बोट. लँकेशायरने लांब धाग्याच्या अमेरिकन मालापुढे ज्याला नाक मुरडले, त्या वऱ्हाडी कापसाला जपानात घर मिळाले.

१९०४ मध्ये हिंदुस्थान आणि जपान यांच्या व्यापाराचा करार झाला तोही इंग्लंडने केला. जावयाच्या मानाचे ते कलम त्यात होतेच. मग मंदीच्या दिवसांत जपानी कापडाचा पूर आला आणि १९३३ साली हिंदुस्थान सरकारने तो करार सोडण्याची नोटीस दिली. जपानी गिरणीवाल्यांनी उत्तर एकाच शब्दात दिले: बहिष्कार. हिंदी कापूस घ्यायचा नाही. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांना जपानी कापड नको होते, हे ठीकच. पण बहिष्काराचा दणका बसला तो गाडीत कापूस भरून बाजारात उभ्या असलेल्या माणसाला. सिमल्याला आणि दिल्लीला बोलणी झाली. आपल्या बाजूने सर जोसेफ भोर, जपानच्या बाजूने सवादा. १९३४ च्या आरंभी ठरले ते असे: जपानने दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड येथे विकू द्यावे, पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार.

अंजनगावच्या काकाजींना हे मी त्या दिवशी सांगायला हवे होते. तहाच्या कागदावर कापूस आला तो असा, देवगावानंतर १३० वर्षांनी. तेव्हाही भाव आला नाही. गाठींचा आकडा आला.

राजकीय बाजूची उरलेली हकीकत लांब नाही. निजामाने १९०२ चा पट्टा मनातून कधी मान्य केला नाही. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला कडक पत्र लिहून वऱ्हाडची मागणी बंद केली. १९३६ मध्ये समजुतीचा करार झाला, निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि येथल्या सरकारी इमारतींवर युनियन जॅकच्या जोडीला निजामाचा झेंडा चढू लागला. ऑगस्ट १९४७ जवळ आला तसा वऱ्हाडात धसका बसला, की इंग्रज गेल्यावर पट्टा संपतो, मग मूळ मालक दारात उभा राहणार! अकोल्याचा करार याच दिवसांतला, ऑगस्ट १९४७ चा. महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या पुढाऱ्यांनी एकत्र नांदण्याच्या अटी त्यात घातल्या. या भूमीविषयी झालेल्या इतक्या करारांत, सह्या करणारांमध्ये वऱ्हाडची माणसे असलेला मला आढळलेला हा पहिला. तो कितपत पाळला गेला यावर आमच्याकडे दोन तट आहेत आणि दोन्ही तटांत माझे मित्र आहेत, तेव्हा येथे थांबतो. प्रिन्स ऑफ बेरार आझम जाह १९७० साली वारले. बेरारचे राज्य त्यांनी एक दिवसही केले नाही.

आणि कापूस? २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापारी करार झाला, या वेळी दोन्हीकडे आपापल्या सह्या. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के जकात बसवली. देशातल्या कापड गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या १९ ऑगस्टला अकोट-अंजनगावच्या शिवारात कपाशी पातीफुलांवर आली होती. बोंड फुटून पहिला वेचा बाजारात जाईपर्यंत दिवाळी उजाडणार होती.